आंतरराष्ट्रीय मानवी हक्क आणि आपली न्यायालये

दरवर्षी १० डिसेंबर रोजी मानवी हक्क दिन पाळला जातो. १९४८ साली याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने पॅरिस येथे मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा संमत केला. त्यातील पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू नये, ‘सर्व मानव’ असेच म्हटले जावे, असा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी धरला व तो मान्य झाला. मात्र हा जाहीरनामा म्हणजे बंधनकारक करार नव्हे. तसे करार १९६६ साली झाले : एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. १० एप्रिल १९७९ रोजी भारताने दोन्ही स्वीकारले.

मग या करारांच्या आधारे सामान्य नागरिकास न्यायालयात दाद मागता येते काय? नेदरलँड्ससारख्या देशांत कराराची सर्वांना बंधनकारक असलेली कलमे थेट लागू होतात. भारतात तसे नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर वाढीस लागावा यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे संविधानाचे ५१ वे कलम सांगते; परंतु ते मार्गदर्शक तत्त्व आहे. कराराच्या अंमलबजावणीसाठी कायदा करण्याचा अधिकार २५३ व्या कलमाने संसदेला दिला आहे.

या दोहोंमधील अंतर न्यायालयांनी कसे कमी केले, याची दोन उदाहरणे आम्ही येथे देत आहोत.

जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन (१९८०) : बँकेच्या हुकूमनाम्याची रक्कम न फेडल्यामुळे दोघा ऋणकोंविरुद्ध अटकेचे वॉरंट निघाले. केवळ कराराची पूर्तता करण्यास असमर्थ आहे म्हणून कोणालाही तुरुंगात टाकू नये, असे नागरी हक्कांच्या कराराचे ११ वे कलम सांगते. हा करार भारतात आपोआप कायदा ठरत नाही, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मान्य केले. परंतु दिवाणी प्रक्रिया संहितेचा अर्थ त्यांनी कराराशी व संविधानाच्या २१ व्या कलमाशी सुसंगत असा लावला. ऐपत असूनही दुष्ट हेतूने टाळाटाळ करणारा वेगळा आणि खरोखर गरीब असलेला वेगळा. गरिबी हा अपराध नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे.

विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य (१९९७) : कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध तेव्हा स्वतंत्र कायदाच नव्हता. महिलांविरुद्धच्या भेदभावाचे निर्मूलन करण्याविषयीचा करार मात्र भारताने १९९३ साली अनुसमर्थित केला होता. देशांतर्गत कायद्याशी विसंगती नसेल तर मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना असा करार वाचता येतो, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. संसदेचा कायदा त्यानंतर १६ वर्षांनी, २०१३ साली झाला.

या मार्गाला मर्यादाही आहेत. छळवणूकविरोधी करारावर भारताने १९९७ साली स्वाक्षरी केली, पण त्याचे अनुसमर्थन अद्याप केलेले नाही. नागरी हक्कांच्या कराराचा पहिला ऐच्छिक मसुदाही भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे या कराराच्या भंगाबद्दल भारतातील व्यक्तीला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे वैयक्तिक तक्रार नेता येत नाही.

म्हणून न्यायाचे दार आपल्या देशातच ठोठवावे लागते. मूलभूत हक्कांसाठी ३२ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात व २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालयात जाता येते. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ अन्वये राष्ट्रीय व राज्य आयोग स्थापन झाले असून महाराष्ट्राचा आयोग मुंबईत आहे. राष्ट्रीय आयोगाकडे तक्रार करण्यास शुल्क लागत नाही आणि ती मराठीतही करता येते. आयोग शिफारस करतो, न्यायालयासारखा हुकूम देत नाही, हे मात्र ध्यानात असावे. घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोगास चौकशी करता येत नाही. पोलीस कोठडीत मारहाण झालेल्या माणसाच्या कुटुंबीयांनी भीतीपोटी वर्षभर मौन पाळले, तर हे दार बंद होते. अशा वेळी त्यांना लेखी तक्रार करण्यास साह्य करणे, हे शेजाऱ्यांच्या हाती आहे, असे आम्हांस वाटते.