पाहुणचाराची शाळा

शिजविलेलें अन्न विकूं नये, अशी मनुस्मृतीची ब्राह्मणास आज्ञा आहे. आणि ती सुकाळापुरती नव्हे, आपत्काळीं वैश्यवृत्ति पत्करावी लागली तरीही. उलटपक्षीं, अतिथीस देव मानावें ही तैत्तिरीय उपनिषदाची आज्ञा तर आपल्या घरांतील लहान मुलांसही तोंडपाठ असते. या दोन वचनांच्या मध्यें आमच्या पांढरपेशा समाजाची वृत्ति घडत आली. आल्यागेल्यास पानावर बसविणें हें पुण्य. त्याच पानाचे पैसे घेणें हा हलकेपणा. पुढें खानावळी निघाल्या, उपाहारगृहें निघालीं, आणि तेथें जाऊन जेवण्याचा संकोच आम्हीं केव्हांच सोडला. परंतु तेथें वाढण्याचा संकोच कांहीं सुटला नाहीं. एखाद्या सुशिक्षित घरांतील मुलानें किंवा मुलीनें ‘मी हॉटेल-व्यवस्थापन शिकणार’ असें म्हटलें, तर वडीलधारी मंडळी आजही क्षणभर गप्प बसतात, आणि मग ‘म्हणजे पुढें करणार काय?’ असें विचारतात. या प्रश्नांत पगाराची काळजी थोडी असते. लोकांच्या उष्ट्या बशा उचलण्याची लाज अधिक असते, असें आम्हांस वाटतें.

ज्या देशानें हा विषय प्रथम शाळेंत आणला, तेथें ही लाज मुळींच नव्हती असें मात्र कोणीं समजूं नये. म्हणूनच त्या शाळेची हकीकत वाचकांपुढें ठेवण्यासारखी आहे.

स्वित्झर्लंड म्हटलें कीं हिमशिखरें, घड्याळें आणि पेढ्या डोळ्यांपुढें येतात. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपास हा देश ठाऊक होता तो भाडोत्री शिपायांचा देश म्हणून. जमीन डोंगराळ, उन्हाळा आंखूड, आणि घरांत खाणारीं तोंडें फार. तेव्हां तरणींताठीं मुलें परक्या राजांच्या पलटणींत जात. १७९२ सालच्या १० ऑगस्ट रोजीं पॅरिस येथें तुइलरीचा राजवाडा राखतांना फ्रान्सच्या राजाचे शेंकडों स्विस शिपाई कापले गेले. त्यांचें स्मारक म्हणून लुसर्न येथें खडकांत कोरलेला घायाळ सिंह १८२१ सालापासून पडून आहे. परकीय पलटणींत भरती होण्यास स्विस सरकारनें कायद्यानें बंदी केली ती १८५९ सालीं. पुढें चारच वर्षांनीं, १८६३ सालीं, टॉमस कुक हा इंग्रज गृहस्थ आपल्या प्रवाशांचा पहिला तांडा घेऊन त्या देशांत उतरला. आतां लुसर्नचा तो सिंह पाहावयासच माणसें येऊं लागलीं, आणि त्यांच्या उतरण्याजेवण्याची सोय करणें हा तेथील एक धंदा होऊन बसला. एका पिढीनें परक्यांसाठीं तरवार धरली, दुसरीनें तबक धरलें. चाकरी ती चाकरीच. फरक इतकाच कीं, दुसऱ्या चाकरींत मुलगा जिवंत राहत असे.

आगगाडीनें हा ओघ वाढविला. १८७१ सालीं रीगीच्या डोंगरावर दांतेरी रुळांची गाडी चढली. १८८२ सालीं गोटहार्डचा बोगदा वाहतुकीस खुला झाला. त्याच १८८२ सालीं हॉटेलवाल्यांनीं आपला संघ स्थापन केला. इमारती भराभर उठत होत्या, पण त्या चालविणारीं माणसें कोठून आणावयाचीं? आजपर्यंत हा धंदा बापाकडून मुलाकडे जाई, किंवा एखादा शेतकऱ्याचा पोर हॉटेलांत भांडीं घासतां घासतां वर येई.

अशा पोरांचा मुकुटमणि म्हणजे सेझार रिट्झ. व्हाले प्रांतांतील नीडरवाल्ड या खेड्यांत १८५० सालीं एका शेतकऱ्याच्या घरीं हा तेरावें अपत्य म्हणून जन्मला. ब्रिग येथील हॉटेलांत उमेदवारी करीत असतां ‘या धंद्यास लागणारा गुण तुझ्या अंगीं नाहीं’ असें सांगून मालकानें त्यास घालवून दिलें, अशी आख्यायिका आहे. मग पॅरिसला जाऊन त्यानें पडेल तें काम केलें, पुढें लुसर्नचें नॅशनल हॉटेल नांवारूपास आणलें, आणि १८९८ सालीं पॅरिस येथें स्वतःच्या नांवाचें असें हॉटेल उघडलें कीं, इंग्रजी भाषेंत त्याचें नांव थाटमाटाचें विशेषण होऊन बसलें. रिट्झ कोणत्याही शाळेंत हा विषय शिकला नव्हता. ‘शाळा काढून काय होणार? रिट्झ शाळेंत गेला होता काय?’ असा आक्षेप यावर सहज सुचतो. परंतु एका रिट्झच्या मागें ब्रिगच्या मालकासारख्यांनीं घालवून दिलेलीं किती पोरें हरवलीं, तें सांगावयास कोण उरलें आहे? अंगच्या गुणावर भिस्त ठेवणाऱ्या धंद्यांत गुण ओळखणारा जर चुकला, तर सारें आयुष्य चुकतें. शाळेची खरी गरज आम्हांस दिसते ती येथें.

ती शाळा निघाली जिनीव्हाच्या सरोवराच्या कांठीं, लोझान शहरीं. लोझानचें नांव आमच्याकडील जुन्या वाचकांस खिलाफतीच्या दिवसांपासून परिचयाचें आहे, कारण तुर्कस्थानाशीं झालेला १९२३ चा तह येथलाच. शहर टेंकडीवर, आणि पायथ्याशीं सरोवराला लागून ऊशी नांवाचें बंदर. तेथें एका लहानशा हॉटेलांत १८१६ च्या जून महिन्यांत वादळी हवेमुळें लॉर्ड बायरन अडकून पडला होता, आणि त्या सक्तीच्या मुक्कामांत त्यानें ‘शियोंचा बंदिवान’ हें काव्य लिहिलें. त्याच हॉटेलास पुढें ‘आंग्लतेर’, म्हणजे इंग्लंड, असें नांव मिळालें. आणि १८९३ सालीं जाक चुमी या हॉटेलवाल्यानें आपल्या संघाच्या आश्रयानें जी शाळा काढली, तिचा पहिला वर्ग भरला तो याच हॉटेलांत. विद्यार्थी सत्तावीस. इंग्रज कवीचा मुक्काम, इंग्रज प्रवाशांवर वाढलेलें बंदर, इंग्लंडचें नांव धारण करणारी इमारत, आणि तींत पाहुणचाराचे धडे गिरविणारे सत्तावीस जण. गिऱ्हाइकाच्या नांवाच्या छपराखालीं गिऱ्हाइकाची सेवा शिकावी, हा योगायोग मोठा मौजेचा खरा.

परभाषा, हिशेब, कोठीची व्यवस्था, पाकशास्त्र, वाढप हे या विद्येचे विषय. कागदावर ते साधे दिसतात. परंतु ज्यानें घरचें एखादें मंगलकार्य पार पाडलें असेल, त्यास यांतील मर्म सांगावयास नको. दोनशें पानांचा अंदाज करून अडीचशें पानें उठलीं म्हणजे काय होतें, तें आमच्या घराघरांतील यजमानांस ठाऊक आहे! कार्य एका दिवसाचें असतें; हॉटेलवाल्याच्या घरीं तें रोज असतें, आणि उठून जाणाऱ्या पाहुण्यास ‘कांहीं चुकलेंमाकलें पोटांत घाला’ असें म्हणून भागत नाहीं.

तथापि या शाळेची मोठी गोष्ट तिच्या विषयांत नाहीं. ती आहे एप्रनांत. व्यवस्थापक होण्यास आलेल्या मुलानें आधीं भांडीं घासावीं, अंथरुणें घालावीं, चुलीपाशीं उभें राहावें, मग हातावर तबक तोलीत आपल्याच सोबत्यांस वाढावें, ही या शिक्षणाची रीत आहे. आजही पदवीच्या आधींचें एक संपूर्ण वर्ष तेथें अशाच कामांत जातें. धनिक हॉटेलमालकाचा मुलगा आणि नोकरीच्या आशेनें आलेला मुलगा एकाच मोरीपाशीं उभे राहतात. आम्हांस या गोष्टीचें महत्त्व फार वाटतें. युरोपांत जातिभेद नाहीं, पण वर्गभेद आहे. आणि ज्यास हुकूम करावयाचा त्यानें प्रथम तें काम स्वतःच्या हातांनीं करावें, हा नियम त्या वर्गभेदावर हलकेच पण नेमका घाव घालतो. आमच्याकडे स्वयंपाकी एक जातीचा, भांडीं घासणारा दुसऱ्या, आणि झाडणारा तिसऱ्या, अशी वांटणी पिढ्यान् पिढ्या चालत आली. ही रीत आमच्याकडे किती मोडतोड करील, याचा विचार वाचकांनींच करावा.

शाळेस टीकाकार भेटले नाहींत असें नाहीं. अमेरिकेंत १९२२ सालीं कॉर्नेल विद्यापीठानें हा विषय उघडला, तेव्हां प्राध्यापक मीक यांच्या हाताखालीं पहिल्या वर्षीं विद्यार्थी होते अवघे एकवीस. एल्सवर्थ स्टॅटलर हा तिकडील बडा हॉटेलमालक. तोही पोरवयांत हॉटेलांत सामान उचलून वर आलेला. विद्यापीठांत हा धंदा शिकवितां येईल, ही कल्पना त्यास प्रथम हास्यास्पद वाटली. १९२७ सालीं मात्र तेथील विद्यार्थ्यांनीं चालविलेला हॉटेलाचा कारभार त्यानें डोळ्यांनीं पाहिला, आणि आपलें मत बदलल्याचें जाहीर सांगितलें. पुढें त्याच्या नांवाच्या निधींतून त्या शाळेस विपुल साहाय्य झालें.

लोझानला दैव इतकें अनुकूल नव्हतें. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि प्रवासी नाहींसे झाले. हॉटेलें इतकीं जास्त झालीं होतीं कीं, १९१५ सालीं स्विस सरकारनें परवानगीवांचून नवें हॉटेल बांधण्यास बंदी केली. आणि ती या ना त्या रूपानें १९५२ पर्यंत टिकली. परक्याच्या येण्यावर पोट भरणाऱ्या प्रदेशाचें हें भय कायमचें आहे. २०२० सालच्या महामारींत गोव्याच्या किनाऱ्यानें तें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें. अशा प्रदेशांत शिकलेला विद्यार्थी आपली विद्या गांठीं बांधून दुसरीकडे जाऊं शकतो, ही गोष्ट लहान नव्हे. इमारतीस तें साधत नाहीं.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. १९७५ सालीं शाळा शहराबाहेर शाले-आ-गोबे येथील उंचवट्यावर गेली. १९९८ च्या सुमारास तिला उपयोजित शास्त्रांच्या विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विद्यार्थ्यांनीं चालविलेल्या तिच्या उपाहारगृहास २०१९ सालीं मिशेलिनचा तारा लाभला, हें कौतुकास्पदच. परंतु तेथून बाहेर पडणाऱ्यांपैकीं बरेच जण हल्लीं पेढ्यांत आणि मौल्यवान वस्तूंच्या व्यापारांत जातात. पदवी उंच झाली कीं एप्रन खुंटीला टांगला जातो, हा अनुभव सर्वत्र सारखाच दिसतो, आणि त्याचा आम्हांस थोडा विषाद वाटतो.

आमच्याकडे ही विद्या शाळेवांचून फार दिवस नांदली. गोमंतकांतील कितीएक तरुण आगबोटींवर आचारी व वाढपी म्हणून जगभर फिरले. बोटीची वाट पाहतांना ते मुंबईस धोबीतलावाच्या बाजूस आपापल्या गांवाच्या ‘कुडां’त उतरत, तेथें जुना नव्यास जें सांगे तेंच त्यांचें पाठ्यपुस्तक. त्यांच्या हातचें जेवण साहेबांनीं वाखाणलें, पण त्या कसबास कोणीं विद्या म्हटलें नाहीं.

हिंदुस्थानांत पहिली शाळा मुंबईस १९५४ सालीं निघाली, आणि ती हॉटेलमालकांनीं काढली नाहीं. ती काढली अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेनें, लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानें. अन्नटंचाईचे दिवस नुकतेच सरत होते. त्यांचे पति कन्हैयालाल मुन्शी १९५० ते १९५२ या काळांत केंद्राचे अन्नमंत्री होते. लोझानच्या शाळेचें मूळ प्रवाशांच्या गर्दींत आहे, तर मुंबईच्या शाळेचें रेशनच्या पिशवींत. स्वयंपाकघर ही ज्यांची जन्माची जागा मानली गेली, त्या बायकांनींच तेथल्या कामाची पदविका केली. ती संस्था दादरला वीर सावरकर मार्गावर आजही उभी आहे, आणि मनूनें ज्यांस अन्न विकूं नये असें बजावलें, त्यांचीं मुलेंही तिच्या प्रवेशपरीक्षेस इतरांबरोबर रांगेंत बसतात.