दारातून आत आल्यावर

अमेरिकेतल्या शाळा आणि वर्णभेद हा विषय निघाला की एक फोटो हमखास समोर येतो. घेरदार झगा, डोळ्यांवर गॉगल, छातीशी वही धरून चाललेली पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड, आणि तिच्या मागे किंचाळणारा गोऱ्यांचा जमाव. दिवस ४ सप्टेंबर १९५७, गाव आर्कान्सा राज्यातलं लिटल रॉक. फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. पण पुढे या मुलांनी त्या शाळेत जे वर्ष काढलं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सगळा जन्म शाळेत गेल्यामुळे असेल, मला तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या सरकारी शाळा ठेवणं घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी एकमताने दिला. 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' हा तो खटला. त्यानुसार लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळाला. शाळेत सुमारे दोन हजार गोरी मुलं, आणि ही नऊ! राज्यपाल फॉबस यांनी मुलांना अडवायला नॅशनल गार्डचे जवान उभे केले. शेवटी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी हजारावर सैनिक पाठवले आणि २५ सप्टेंबरला मुलं त्यांच्या पहाऱ्यात आत गेली.

इथे बहुतेक पुस्तकं धडा संपवतात. खरा धडा इथून पुढे सुरू होतो.

सैनिक कॉरिडॉरमध्ये उभे राहू शकत होते, पण वर्गात, स्वच्छतागृहात, कपडे बदलायच्या खोलीत थोडेच येणार? तिथे ढकलणं, थुंकणं, शिव्या, वस्तूंची मोडतोड हे रोजचंच झालं. मुलं तक्रार घेऊन गेली की उत्तर ठरलेलं: शिक्षकाने स्वतः पाहिलं असेल तरच कारवाई होईल. ऐकायला किती न्यायाचं वाटतं, नाही? पण एवढ्या मोठ्या शाळेत शिक्षक पाहत नसताना त्रास देणं अवघड नव्हतं, आणि काही शिक्षकांना पाहायचंही नव्हतं. शिवाय या नऊ जणांना बजावलेलं होतं, उलट हात उगारायचा नाही. खेळ, गायन, नाटक यांत भागही घ्यायचा नाही. मिनीजीन ब्राऊनला नाताळच्या कार्यक्रमात गायचं होतं, तेही नाकारलं गेलं. म्हणजे नाव हजेरीपटावर, पण गॅदरिंगच्या यादीत नाही.

डिसेंबरात जेवणाच्या खोलीत मिनीजीनच्या वाटेत मुलांनी खुर्च्या सरकवल्या आणि तिच्या हातातला चिलीचा (हा खिमा-राजम्यासारखा रस्सा) ट्रे दोन मुलांच्या अंगावर गेला. तिला शाळेतून काही दिवस काढलं. फेब्रुवारी १९५८ मध्ये, छळणाऱ्या एका मुलीला उलटून बोलली म्हणून, कायमचं काढून टाकलं. एक गेली, आठ राहिले, अशी कार्डं शाळेत फिरली. मिनीजीन न्यूयॉर्कला शिकायला गेली आणि तिथे केनेथ आणि मेमी क्लार्क यांच्या घरी राहिली. ब्राऊन खटल्यात ज्यांच्या बाहुल्यांच्या प्रयोगांचा आधार घेतला गेला, तेच हे मानसशास्त्रज्ञ दांपत्य.

त्या शाळेतली सगळी मोठी माणसं दुष्ट होती असं मात्र नाही. मुलींची जबाबदारी असलेल्या उपमुख्याध्यापिका एलिझाबेथ हकाबी या इंग्रजीच्या बाई. त्या मुलींच्या तक्रारी ऐकत, पाठपुरावा करत. त्या वर्षाच्या त्यांच्या आठवणी १९८० मध्ये पुस्तकरूपाने आल्या. पण एक-दोन भल्या माणसांनी वातावरण बदलत नाही. शिस्तीचा नियमच जर सोसणाऱ्याला आणि छळणाऱ्याला एका मापाने मोजत असेल, तर भल्या बाईंच्या हातातही फक्त सांत्वनच उरतं.

मे १९५८ मध्ये अर्नेस्ट ग्रीन त्या शाळेतून उत्तीर्ण होणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला. समारंभाला मार्टिन ल्युथर किंग हजर होते. त्यानंतर फॉबस यांनी वर्षभर गावातली हायस्कुलंच बंद ठेवली. मे १९५९ मध्ये शाळा मंडळातल्या वर्णभेदवादी सदस्यांनी ४४ शिक्षक-अधिकाऱ्यांना काढण्याचा घाट घातला. त्या यादीत मुख्याध्यापक मॅथ्यूज होते आणि हकाबीबाईही. तेव्हा मात्र गाव उठलं, आणि त्याच महिन्यात मतदान होऊन त्या तीन सदस्यांनाच घरी बसवलं. आपल्या शिक्षकांवर आल्यावर गावाला जाग आली. नऊ पोरांवर आलं तेव्हा का नाही आली, हा प्रश्न मला आजही सतावतो.

आपल्याला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्यांना नातं दिसलं होतं. धारवाडच्या सरकारी शाळेत १८५६ साली एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. दोन वर्षांनी, सरकारी शाळा सगळ्या जातींना खुल्या आहेत, असं कंपनीच्या संचालकांनी ठरवलं. दार उघडलं! पण त्यानंतर चाळीस वर्षं उलटल्यावरही साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे.

त्याच साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र रांधून एका पंगतीत जेवली. अण्णांनी समतेवर नुसती भाषणं दिली असती तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, इतकंच. त्यांनी चूल एक केली.

आता शाळाप्रमुखांसाठी समतेच्या कार्यशाळा होतात. होऊ देत, चांगलंच आहे. पण मला विचाराल तर मुख्याध्यापकांनी आधी आपल्याच शाळेत चार गोष्टी पाहाव्यात. कोण कुणाशेजारी बसतं? पाणी कोण कुठे पितं? स्टेजवर कोण दिसतं, आणि शिक्षा कुणाला होते? आणि मूल तक्रार घेऊन आलं, तर पहिला प्रश्न 'कुणी पाहिलं?' असा नसावा. 'काय झालं बाळ, बस, सांग' असा असावा.

आपल्या घरातली कितीतरी पोरं आज अमेरिकेत, इंग्लंडात शाळेत जातात. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना विचारा, मधल्या सुट्टीत तुमच्या टेबलावर कोण बसतं? आणि कोण एकटं बसतं? उत्तरं मला जरूर कळवा.