'कालियामर्दना'तील बालकृष्ण

नटाचें शिक्षण कागदावर क्वचितच उतरतें. तालीममास्तर बोलतो, मूल ऐकतें, आणि दोघेही गेले कीं तें बोलणें विरून जातें. म्हणून धुंडिराज गोविंद फाळके यांनीं १९१९ सालीं काढलेल्या 'कालियामर्दन' या मूकपटाचा आरंभ आम्हांस एखाद्या अस्सल पत्राइतका मोलाचा वाटतो. कथा सुरू होण्यापूर्वी त्यांची कन्या मंदाकिनी, वय सुमारें ७ वर्षें, पडद्यावर एकटीच येऊन निरनिराळे भाव मुखावर दाखविते. मग तीच कृष्णवेषांत प्रगट होते. हें घरच्या तालमीचें प्रात्यक्षिकच होय, असें आमचें मत आहे.

लहान मूल स्वभावतःच हसतें, रडतें. त्यांत शिक्षण तें कोणतें, अशी शंका कोणी घेईल. परंतु एकामागून एक भाव मागितल्याबरोबर आणणें व यंत्रापुढें न बिचकणें केवळ स्वभावानें साधत नाहीं. निजलेल्या सावकाराची दाढी त्याच्या बायकोच्या केसांना बांधणारा हा कृष्ण पाहावा, म्हणजे खोडकरपणाही कसा मोजून केला आहे तें कळेल. फाळक्यांचें घर आरंभापासून कारखानाच होतें. पत्नी सरस्वतीबाईही त्यांत खपत. तेव्हां मुलीस निराळी शाळा नव्हती.

यापूर्वी, १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' पटांत, त्यांचा पुत्र भालचंद्र रोहिदास झाला होता. स्त्रिया मिळेनात म्हणून तारामतीचें काम अण्णा साळुंके या पुरुषाकडे गेलें. अवघ्या सहा वर्षांनीं त्याच घरांतील मुलगी कृष्ण झाली व लोकांनीं तिला डोक्यावर घेतलें, ही मौजच! भालचंद्राच्या कामाविषयीं मात्र निर्णय देववत नाहीं. कारण उपलब्ध फीत १९१३ ची कीं १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची, हा वाद मिटलेला नाहीं. मंदाकिनीच्या बाबतींत ही अडचण येत नाहीं.

ही फीतही तुटक तुकड्यांतच हातीं आली. १९६४ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनीं फाळक्यांच्या हस्तलिखित टिपणांच्या आधारें ते तुकडे क्रमानें जुळविले. नाशिकपासून खानदेशांत धुळें-नंदुरबारपर्यंत ज्यांच्या संग्रहीं हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचीं हस्तपत्रकें वा वह्या असतील, त्यांनीं त्यांच्या नकला आम्हांस पाठविण्याची कृपा करावी.