म्हसा-मुरबाड परिसर, व्यापार आणि लोहमार्ग

कोणत्याही प्रदेशाचा उत्कर्ष त्या प्रदेशातील दळणवळणाच्या साधनांवर अवलंबून असतो, हे सर्वश्रुत आहे. लोहमार्ग जेथे जातो तेथे बाजार उभा राहतो आणि वस्ती वाढते. परंतु लोहमार्ग जेथे जात नाही, त्या गावांचे भवितव्यही तो बदलून टाकतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ठाणे जिल्ह्याच्या नकाशावर दृष्टी टाकली असता तिचा प्रत्यय येतो. कल्याण स्थानकापुढे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक टिटवाळा, वासिंद, आसनगाव, कसारा या मार्गाने नाशिककडे जातो, तर दुसरा बदलापूर, नेरळ, कर्जत या मार्गाने पुण्याकडे. या दोन फाट्यांच्या मधोमध, सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पसरलेला प्रदेश म्हणजे मुरबाड तालुका आणि त्यातच वसलेले म्हसा गाव. दोन्ही बाजूंनी दीडशेहून अधिक वर्षे आगगाड्या धावत आहेत. मधला प्रदेश मात्र लोहमार्गावाचून राहिला आहे.

प्राचीन व्यापारी मार्ग

हा प्रदेश प्रारंभापासून आडवळणाचा होता, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा आणि कल्याण ही प्राचीन काळची भरभराटीची बंदरे. तेथे उतरलेला माल मुरबाड परिसरातून वैशाखरे गावाजवळून नाणेघाट चढून जुन्नरला आणि तेथून पैठणला जात असे. सातवाहनकालीन नागनिका राणीचा सुप्रसिद्ध शिलालेख याच घाटातील लेण्यात आहे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा रांजण म्हणून ओळखला जातो. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आढळतात. सोपारा नगरीशी श्रीपाल राजाची कथा जैन परंपरेने जोडलेली आहे आणि ठाण्याच्या श्री मुनिसुव्रतस्वामी जिनालयात त्या कथेचे स्मरण आजही जागते आहे. थोडक्यात, बंदर आणि देश यांना जोडणारी वाट मुरबाडच्या अंगणातून जात होती.

पुढे अनेक शतके नाणेघाट, माळशेज घाट आणि आसपासच्या लहान घाटवाटांनी वणजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ, भात व सुकी मासळी वर नेत आणि धान्य, गूळ, घोंगड्या खाली आणीत. म्हसा येथील श्री खांबलिंगेश्वराची यात्रा याच व्यवहाराची साक्ष देते. पौष पौर्णिमेला भरणारी ही यात्रा जनावरांच्या बाजारासाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. ठाणे, रायगड, पुणे, नाशिक व अहिल्यानगर या जिल्ह्यांतून शेतकरी येथे येतात. बैलांच्या खरेदी-विक्रीबरोबरच घोंगड्या, शेतीची अवजारे, टोपल्या, भांडी व मिठाई यांची दुकाने येथे लागतात. घाटावरचा शेतकरी आणि कोकणातला शेतकरी यांची गाठ पडावी अशा जागी हे गाव आहे. लोहमार्ग नसतानाही ही यात्रा टिकून राहिली, हे विशेष होय.

माळशेजचा पहिला आराखडा

भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटर धावली, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु तिची आखणी सुरू असताना मुरबाड तालुक्याचे नाव त्या कागदपत्रांत अग्रभागी होते, हे फारच थोड्यांना ठाऊक आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या प्रवर्तकांनी १८४४-४५ च्या सुमारास जी मूळ योजना मांडली, तीत मुंबईहून कल्याण, कल्याणहून माळशेज घाटाचा पायथा आणि घाट चढून आळे अशी मुख्य रेषा होती. घाटमाथ्यावरून पुढे फाटे काढून वऱ्हाडचा कापूस आणि दक्षिणेतील माल मुंबई बंदरात आणावयाचा, असा त्यामागील विचार होता. प्राचीन व्यापाऱ्यांनी ज्या परिसरातून सह्याद्री ओलांडला, त्याच परिसरावर या नव्या व्यापाऱ्यांचीही प्रथम दृष्टी गेली.

कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले १८५० मध्ये मुंबईत दाखल झाले. त्यांनी सह्याद्रीची काळजीपूर्वक पाहणी केली. माळशेजचा कडा लोहमार्गाच्या चढाला अनुकूल नव्हता. एकाच घाटाने सर्व दिशांना जाण्याऐवजी पुण्यासाठी बोरघाट आणि नाशिक-खानदेशासाठी थळघाट असे दोन चढ बांधावेत, असा निष्कर्ष निघाला आणि माळशेजचा विचार मागे पडला. मुरबाडचे पारडे फिरले ते येथेच.

त्यानंतरच्या घटना वेगाने घडल्या. १८५४ मध्ये गाडी कल्याणला पोहोचली, १८५५ मध्ये वासिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला. बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, तर थळघाट चढून गाडी १ जानेवारी १८६५ रोजी इगतपुरीला पोहोचली. घाटांच्या कामात रोगराईने व अपघातांनी हजारो मजुरांचे प्राण गेले. त्यांचे स्मरण न ठेवता या मार्गाची थोरवी गाणे योग्य होणार नाही.

दोन तालुके, दोन वाटा

लोहमार्गाने शहापूर तालुक्याला वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी आणि कसारा ही स्थानके मिळाली. जंगलातील इमारती लाकूड, कोळसा, दाबून बांधलेले गवत आणि भात यांना मुंबईची बाजारपेठ काही तासांच्या अंतरावर आली. १९३० च्या सुमारास या मार्गाचे विद्युतीकरण झाले. पुढे लोकल गाड्यांमुळे शहापूरचा तरुण गाव न सोडता कल्याण-ठाण्यास नोकरीस जाऊ लागला. शहापूर गाव स्वतः लोहमार्गावर नाही. त्याचे स्थानक आसनगाव. तरीही जवळच्या जोडरस्त्यामुळे गावाचा उत्कर्ष अडला नाही. आज मानस मंदिराच्या दर्शनास येणारे अनेक यात्रेकरू आसनगावलाच उतरतात.

मुरबाडकडे मात्र काय घडले? नवा मार्ग मिळाला नाहीच, शिवाय जुनाही ओस पडला. जुन्नरकडचा माल पुण्याच्या मार्गाने आगगाडीत चढू लागला. वणजाऱ्यांचे तांडे थांबले. ज्या घाटवाटा एकेकाळी धोरी मार्ग होत्या, त्या गुराख्यांच्या पायवाटा झाल्या. आगगाडी मुरबाडला आली नाही, पण मुरबाडचा व्यापार मात्र घेऊन गेली. हा दोष कोणा व्यक्तीचा नव्हे; वाहतूक स्वस्त मार्गाकडेच वळते, हा व्यापाराचा नियम आहे.

व्यापारी कुटुंबांचे आगमन

या परिसरातील जैन समाजाचा इतिहासही लोहमार्गाशी निगडित आहे. गुजरातमधून मुंबईपर्यंतचा लोहमार्ग १८६४ मध्ये पूर्ण झाला आणि १८८१ पर्यंत अजमेर-अहमदाबाद हा मीटरगेज मार्गही सुरू झाला. गोडवाड, सिरोही, जालोर तसेच कच्छ-सौराष्ट्र भागांतील अनेक कुटुंबांना दक्षिणेची वाट सुलभ झाली. संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा, छप्पनिया दुष्काळ पडला तेव्हा अनेकांनी घरदार सोडले. कोणी मुंबईत स्थिरावले, तर कोणी कल्याणला उतरून खेड्यापाड्यांकडे वळले.

कापडाचा धंदा करणाऱ्यांची तर कल्याण स्थानकाशी कायमची गाठ पडली. मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमधून घेतलेल्या गाठी रेल्वेने येत. बिल्टी सोडवून मालधक्क्यावरून त्या उतरवून घ्यावयाच्या, हुंडेकऱ्याशी भाडे ठरवावयाचे आणि बैलगाडीने मुरबाड, म्हसा गाठावयाचे, असा क्रम असे. रेल्वेने येणाऱ्या मालापेक्षा स्थानकापासूनच्या गाडीवाटेचीच व्यापाऱ्यास अधिक चिंता असे. पावसाळ्यात उल्हास, काळू, मुरबाडी या नद्या फुगल्या की वाट अडे. म्हणून ज्येष्ठ-आषाढापूर्वी दुकान भरून ठेवणे हा शहाणपणाचा भाग मानला जाई. अधिक माल साठवावयाचा म्हणजे अधिक भांडवल गुंतवावयाचे. त्याचे व्याज शेवटी मालाच्या किमतीत चढते आणि तो भार गरीब आदिवासी व शेतकरी ग्राहकावर पडतो. लोहमार्ग नसल्याची किंमत खेड्यातील ग्राहकाने अशी वारानिशी मोजली आहे. हिशेबाच्या वह्यांतून दिसणारा हा इतिहास शासकीय अहवालांत क्वचितच आढळतो.

स्वातंत्र्यलढ्यातही या परिसराचा रेल्वेशी वेगळ्याच रीतीने संबंध आला. शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या चालविणारे माथेरानचे वीर भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने १९४२ मध्ये विजेचे मनोरे पाडून मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे यांचा वीजपुरवठा तोडण्याचे धाडस केले. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर हुतात्मे झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात १९४८ मध्ये एस. टी. सेवा सुरू झाली आणि पुढे तिनेच खेड्यांना कल्याण स्थानकाशी बांधून ठेवले. म्हसा यात्रेस सोडण्यात येणाऱ्या जादा गाड्या हा या परिसराच्या आठवणींचा एक भाग आहे.

इतरत्रचे धडे

प्रादेशिक लोहमार्ग केवळ सरकारच उभारते असे नाही. म्हसा-कर्जत मार्गाने जवळच असलेल्या नेरळ येथून माथेरानची छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली ती आदमजी पीरभॉय या व्यापारी कुटुंबाच्या धनाने व जिद्दीने. सोलापूर जिल्ह्यात बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. ती १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. लातूर, बार्शी यांसारख्या बाजारपेठांच्या वाढीस तिचा हातभार लागला आणि वारकऱ्यांचीही सोय झाली. कोकण रेल्वे केंद्र सरकार आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ या राज्यांच्या भागभांडवलातून उभी राहिली व जानेवारी १९९८ मध्ये पूर्णपणे खुली झाली. मालाने भरलेले ट्रकच वाघिणींवर चढवून नेण्याची तिची रो-रो सेवा १९९९ पासून सुरू झाली. या सर्व उदाहरणांतून एकच बोध मिळतो. ज्या प्रदेशाने आपली गरज ओळखून वाटा उचलला, त्याला फळ मिळाले.

कल्याण-मुरबाड मार्ग आणि पुढील विचार

कल्याणहून माळशेजमार्गे अहिल्यानगरला लोहमार्ग व्हावा, ही मागणी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. तिचा पहिला टप्पा म्हणून उल्हासनगरमार्गे कल्याण-मुरबाड या सुमारे २८ किलोमीटरच्या नव्या मार्गाचा प्रकल्प पुढे आला. त्याच्या खर्चाचा निम्मा भार उचलण्याची तयारी राज्य शासनाने २०२३ मध्ये दर्शविली. दरम्यान शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. शेजारच्या तालुक्याला रेल्वेबरोबर महामार्गही लाभला असता मुरबाडची निकड अधिकच जाणवते.

या प्रसंगी तीन गोष्टींचा विचार आवश्यक आहे. पहिली म्हणजे हा मार्ग मुरबाडला थांबणार आहे, म्हशापर्यंत येणार नाही. म्हशाला लाभ व्हावयाचा असेल तर मुरबाड-म्हसा-कर्जत रस्ता बारमाही उत्तम राहिला पाहिजे, स्थानकाशी बसची वेळ जुळली पाहिजे आणि भेंडी, काकडी, भात पिकविणाऱ्या शेतकऱ्यास माल ठेवावयास गोदाम मिळाले पाहिजे. शहापूर-आसनगावचा धडा हाच आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. जुलै २०२१ च्या पुरात रायते येथील पुलाजवळ रस्ता खचून मुरबाड मार्ग बंद पडला. नव्या मार्गाचे भराव नद्यांची वाट अडविणारे नसावेत. ज्या शेतकऱ्याची जमीन जाईल त्यास योग्य मोबदला वेळेवर मिळावा. एकाच्या सुखासाठी दुसऱ्यास दुःख देऊ नये, हा अहिंसेचाच विस्तार आहे.

तिसरी गोष्ट जैन समाजाच्या जिव्हाळ्याची. पूज्य साधु-साध्वी भगवंत वाहनाचा उपयोग करीत नाहीत. त्यांचा विहार पायीच होतो. महामार्गांवरील अवजड वाहनांमुळे विहारात होणारे अपघात ही समाजाची मोठी वेदना आहे. पायी जाणारे वारकरी आणि म्हसा यात्रेकरू यांनाही हाच धोका आहे. जो माल आणि जो प्रवासी लोहमार्गाने जाईल, तेवढा रस्त्यावरील भार हलका होईल. ज्यांना गाडीत कधीच बसावयाचे नाही, त्यांच्याही रक्षणास आगगाडी अशा प्रकारे कारणी लागू शकते. मात्र त्याबरोबर रस्त्याच्या कडेला पायवाट आणि ठिकठिकाणी विहारधाम यांची सोय झाली पाहिजे. ते कार्य रेल्वेचे नव्हे, समाजाचे आहे.

मूळ आराखड्यात मुरबाडच्या परिसरातून जाणारी मुख्य रेषा घाटाच्या चढामुळे पुसली गेली, याला पावणेदोनशे वर्षे होत आली. आता निदान मुरबाडपर्यंतच्या मार्गात घाट आडवा नाही. ज्यांचे पूर्वज कल्याण स्थानकावर उतरून बैलगाडीने या परिसरात आले, त्यांच्या पुढील पिढ्यांनी या मार्गासाठी शेतकरी, कष्टकरी व आदिवासी बांधवांच्या खांद्याला खांदा लावून प्रयत्नशील राहावे. या भूमीने दिलेल्या आश्रयाचे ऋण फेडण्याचा तो एक मार्ग ठरेल.