कॅरमचा स्ट्रायकर : कोणते प्लास्टिक किती टिकते?

बुलडाणा जिल्ह्यातील जानेफळ असो की मुंबईतील एखादी चाळ, कॅरमचा बोर्ड जेथे मांडला जातो तेथे एक वाद हमखास रंगतो : स्ट्रायकर कोणता चांगला? दुकानदाराजवळ त्याचे उत्तर ‘फायबरचा’ या एका शब्दात तयार असते. हा शब्द फसवा आहे. काचतंतू घालून बळकट केलेल्या प्लास्टिकला फायबर म्हणणे योग्य. पण कॅरमच्या व्यवहारात लाकूड नसलेली, जराशी चकाकणारी कोणतीही चकती ‘फायबर’ ठरते. तिच्या पोटात नेमके कोणते प्लास्टिक आहे, हे वेष्टनावर क्वचितच लिहिलेले असते.

शहरातील खेळाडूला स्ट्रायकर पसंत पडला नाही तर तो दुसऱ्या दुकानाची पायरी चढू शकतो. जानेफळसारख्या गावात मंडळाच्या बोर्डाला बहुधा एकच बरा स्ट्रायकर असतो आणि तो दिवसभर अनेक हातांतून फिरतो. एकाच्या टिचकीत जोर अधिक, दुसऱ्याच्या हातून तो फरशीवर पडतो, तिसरा खेळ संपल्यावर तो उन्हात ठेवून जातो. प्लास्टिकची खरी परीक्षा होते ती अशा ठिकाणी.

प्रथम नियम पाहू. अखिल भारतीय कॅरम महासंघाची स्थापना १९५६ मध्ये झाली, तर आंतरराष्ट्रीय महासंघ १९८८ मध्ये चेन्नईत स्थापन झाला. स्पर्धेच्या नियमांनुसार स्ट्रायकरचा व्यास ४.१३ सेंटिमीटरपेक्षा आणि वजन १५ ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. तो गुळगुळीत व गोल असावा लागतो. हस्तिदंती किंवा धातूचा स्ट्रायकर चालत नाही. सोंगटी लाकडाची, ५ ते साडेपाच ग्रॅम वजनाची. म्हणजे स्ट्रायकर सोंगटीच्या जवळजवळ तिप्पट जड असतो. पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटिमीटर असल्यामुळे पूर्ण आकाराचा स्ट्रायकर त्यातून जेमतेम ३ मिलिमीटरच्या फरकाने जातो.

हस्तिदंताचा उल्लेख नियमात उगीच आलेला नाही. एके काळी हस्तिदंती स्ट्रायकर हा शौकिनांचा मानबिंदू होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील पुढील दुरुस्त्यांनी आणि १९८९ मधील हस्तिदंत व्यापारावरील आंतरराष्ट्रीय बंदीने तो शौक संपवला. प्लास्टिकच्या इतिहासाचा आरंभही अशाच एका खेळाशी जोडलेला आहे. बिलियर्ड्सच्या हस्तिदंती चेंडूंना पर्याय शोधण्यासाठी अमेरिकेत १८६३ मध्ये १० हजार डॉलरचे बक्षीस जाहीर झाले होते. त्या शोधात जॉन वेस्ली हयात यांनी सेल्युलॉइड विकसित केले आणि १८७० मध्ये त्याचे पेटंट मिळवले. आज बिलियर्ड्सचे उत्तम चेंडू फेनॉलिक राळेचे असतात.

वजन एक, जाडी निराळी

वजनाची व व्यासाची मर्यादा ठरलेली असल्यामुळे प्लास्टिक बदलले की बदलते ती जाडी. पूर्ण व्यासाच्या, सपाट, भरीव चकतीचा हिशेब मांडला तर १५ ग्रॅमसाठी ॲक्रिलिकची जाडी सुमारे साडेनऊ मिलिमीटर येते. पॉलिकार्बोनेटची त्याहून किंचित कमी. पॉलिस्टायरिन व एबीएस ही हलकी प्लास्टिके. त्यांची जाडी साडेदहा मिलिमीटरच्या पुढे जाते. पॉलिॲसिटल आठ मिलिमीटरच्या आसपास, मेलामाइन साडेसात आणि जुने हस्तिदंत तर जेमतेम सव्वासहा. प्रत्यक्षात कडा घासून गोलावलेल्या असतात, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. तरीही ‘जाड म्हणजे जड’ हा दुकानातील समज किती पोकळ आहे ते यावरून दिसते. पॉलिस्टायरिनचा ठसठशीत स्ट्रायकर बोटाला भरीव वाटतो. काट्यावर तो १२ ग्रॅमही भरत नाही, असे सहज घडू शकते.

फुटणे आणि झिजणे

टिकाऊपणा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम फुटणे येते. या कसोटीवर पॉलिकार्बोनेटला तोड नाही. सुरक्षा चष्मे आणि हेल्मेटवरील पारदर्शक पडदे ज्या प्लास्टिकचे करतात तेच हे. आघात सहन करण्यात ते ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी पटींनी सरस आहे. ॲक्रिलिक फरशीवर कडेने आदळले तर त्याची कपची उडते. पॉलिकार्बोनेटला फार तर पोचा पडतो.

एवढ्यावर निकाल लावून मोकळे व्हावे, तर कॅरम हा घसरण्याचा खेळ आहे. स्ट्रायकरचा तळ दर टिचकीला बोर्डावरून धावतो, पावडर आणि तिच्यात मिसळलेली बारीक धूळ यांवरून फरफटतो. येथे आघातापेक्षा पृष्ठभागाचा कठीणपणा महत्त्वाचा, आणि त्यात ॲक्रिलिक वरचढ आहे. पॉलिकार्बोनेट चिवट आहे, पण मऊ. त्यावर ओरखडे लवकर उठतात. बोरिक पावडर स्वतः वंगणाचे काम करते. खरी शत्रू आहे ती रस्त्यावरून उडून येणारी, वाळूचे कण असलेली धूळ. उघड्या ओसरीवरच्या बोर्डावर तिला अटकाव करणे कठीण. ओरखड्यांत पावडर व मळ साचतो, तळाची घसरण असमान होते आणि सरळ मारलेला स्ट्रायकर शेवटच्या वीतभर अंतरात किंचित वळू लागतो. खेळाडू बोर्डाला दोष देतो, पावडरीला देतो. स्ट्रायकर उलटा करून उजेडात धरण्याचे मात्र फार थोड्यांना सुचते.

दुसरी झीज कडेची. तिचा हिशेब उद्बोधक आहे. ॲक्रिलिकच्या स्ट्रायकरच्या कडेवरून दोन मिलिमीटर लांब, रुंद आणि खोल असा तुकडा उडाला, तर वजनात साडेनऊ मिलिग्रॅमच्या आसपास घट होते. १५ ग्रॅमच्या एक हजाराव्या भागाहूनही ती कमी. कोणत्याही हाताला ती जाणवणार नाही. पण सोंगटीला कट मारताना संपर्क नेमका त्या खाचेपाशी आला तर सोंगटीची दिशा बदलते, आणि ती पॉकेटच्या तोंडाशी आपटून परत येते. स्ट्रायकरचे आयुष्य संपते ते असे, कडेवर. म्हणून खाच पडलेला स्ट्रायकर ‘अजून चालतो की’ म्हणून स्पर्धेला नेणे हे काटकसरीचे लक्षण नव्हे.

पॉलिस्टायरिन या दोन्ही कसोट्यांवर मागे पडते. ते कडक पण ठिसूळ. उन्हात पिवळे पडते, अधिकच भंगुर होते. एबीएस त्याचा चिवट भाऊ. फुटणे टळते, ऊन मात्र त्यालाही मानवत नाही. मेलामाइनचा पृष्ठभाग उत्तम, पण ताटल्यांचा अनुभव सर्वांना आहे : पडले की फुटले.

अमेरिकेत रुजलेल्या डिस्क गोल्फ या खेळात हाच पेच निराळ्या रूपात दिसतो. त्यात प्लास्टिकची चकती दूरवरून साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकायची असते. कॅलिफोर्नियात १९७५ मध्ये त्याचे पहिले कायमस्वरूपी मैदान तयार झाले आणि पुढील वर्षी खेळाडूंची संघटना स्थापन झाली. जवळच्या अंतरावरून टाकण्याच्या चकतीला तेथे पटर म्हणतात. ती दोन प्रकारांत मिळते : साध्या, मऊसर प्लास्टिकची, आणि महागड्या, चिवट, बहुधा पॉलियुरेथेन जातीच्या प्लास्टिकची. महागडी चकती झाडावर आपटली तरी आकार सोडत नाही. तरीही टोपलीजवळच्या अचूक फेकीसाठी अनेक खेळाडू साधीच चकती हाती घेतात. कारण ती बोटांना धरते आणि साखळ्यांवर आपटून उसळत नाही. ती लवकर झिजते, कडेला खरचटते, उड्डाणाची वाट बदलते, हे ठाऊक असूनही. काही जण तर एकाच जातीच्या नव्या, अर्धवट झिजलेल्या व जुन्या चकत्या जवळ बाळगतात आणि प्रत्येकीचा स्वभाव ओळखून वापरतात. कॅरममध्ये ही चैन परवडत नाही. तेथे झिजलेल्या कडेचा उपयोग कोणालाच नाही.

आमच्या मते नियमित सराव करणाऱ्या खेळाडूने स्वतःसाठी ॲक्रिलिक घ्यावे आणि ते जपावे. मंडळाच्या किंवा शाळेच्या बोर्डाला पॉलिकार्बोनेट मिळाल्यास अधिक बरे. ओरखडे पडतील, पण ऐन स्पर्धेत दोन तुकडे होणार नाहीत.

घरच्या घरी पारख

एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवावे आणि स्ट्रायकर अलगद सोडावा. तो तरंगला तर पॉलिस्टायरिन किंवा एबीएस समजावे. ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट आणि त्याहून जड प्लास्टिके बुडतात. चकतीला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी बोटाने पुसून काढावेत, नाहीतर बुडणारी वस्तूही क्षणभर तरंगते. पॉलिस्टायरिन फरशीवर टाकले असता जवळजवळ धातूसारखा खणखणीत आवाज येतो, हीदेखील एक खूण आहे. मात्र दुकानात नवा स्ट्रायकर आपटून पाहण्याची परवानगी कोणी देईल असे वाटत नाही. त्यापेक्षा सराफाच्या किंवा किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर तो तोलून घ्यावा. रंगावर विसंबू नये. हस्तिदंती छटा कोणत्याही प्लास्टिकला देता येते.

उन्हाळ्याविषयी एक भीती नेहमी बोलून दाखवली जाते. विदर्भात पारा चाळिशी ओलांडतो. स्ट्रायकर फुगतो का? तापमान ३० अंशांनी वाढले तरी ॲक्रिलिकच्या ४.१३ सेंटिमीटर व्यासात वाढ होते ती एक दशांश मिलिमीटरहूनही कमी. तेवढ्याने खेळ बिघडत नाही. पावसाळ्यात लाकडी बोर्ड याहून अधिक दगा देतो.

सफाई करताना थिनर, स्पिरिट किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव वापरू नये. ॲक्रिलिकवर अल्कोहोलने केसासारख्या बारीक चिरा पडतात. त्या प्रथम दिसत नाहीत, पण पुढच्या जोरदार फटक्याला कपची तेथूनच उडते. हातांसाठीच्या सॅनिटायझरने स्ट्रायकर पुसणेही त्याच कारणाने वाईट. ओलसर मऊ कापड, साबणाचा एखादा थेंब आणि नंतर कोरडे पुसणे एवढे पुरे. खेळ संपल्यावर स्ट्रायकर सोंगट्यांच्या डब्यात टाकू नये. त्यासाठी कापडाची छोटी पिशवी वेगळी ठेवावी.