ग्रॅनिट जाका: घरच्याच मैदानावर हुर्यो झेललेला कॅप्टन पुढे जर्मनीत चॅम्पियन कसा झाला?

27 ऑक्टोबर 2019. लंडनचं एमिरेट्स स्टेडियम, आर्सेनल विरुद्ध क्रिस्टल पॅलेस. 2-0 ने पुढे असलेल्या आर्सेनलने आघाडी घालवली होती आणि स्कोअर 2-2 झाला होता. 61 व्या मिनिटाला खेळाडू बदलायचा बोर्ड वर गेला. बाहेर जायचं होतं खुद्द कॅप्टनला, म्हणजे ग्रॅनिट जाकाला.

तो संथ पावलांनी बाहेर निघाला. टीम जिंकायच्या घाईत असताना कॅप्टन असा रेंगाळतोय म्हटल्यावर आर्सेनलच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवायला सुरुवात केली. जाकाने हात वर करून 'अजून ओरडा' असं खुणावलं, कानामागे हात धरला, जाता जाता एक शिवी हासडली, जर्सी काढली आणि तडक ड्रेसिंग रूम गाठली. व्हिडिओ काही तासांत जगभर फिरला. नऊ दिवसांनी त्याचं कॅप्टनपद गेलं.

त्यानंतर तो आर्सेनलसाठी आणखी साडेतीन वर्षं खेळेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर लोक हसले असते.

कोण आहे हा जाका?

आधी नावाचं बघू. हे अल्बेनियन आडनाव इंग्रजी अक्षरांत 'एक्स-एच'ने सुरू होतं, म्हणून आपल्याकडे ते सर्रास 'झाका' असं लिहिलं जातं. पण अल्बेनियन भाषेत या जोडाक्षराचा उच्चार ज असा होतो. 'जाळं'मधला नव्हे, 'जीव'मधला ज.

त्याचा जन्म 27 सप्टेंबर 1992 चा, स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरातला. आई-वडील कोसोवोतले अल्बेनियन. वडील रागिप यांनी विद्यार्थी असताना युगोस्लाव्हियाच्या सरकारविरोधी निदर्शनांत भाग घेतला, म्हणून 1986 मध्ये त्यांना अटक झाली. साडेतीन वर्षं तुरुंगात काढून सुटल्यावर हे जोडपं स्वित्झर्लंडला आलं. त्यांना दोन मुलगे झाले, ताउलांत आणि ग्रॅनिट. दोघंही फुटबॉलपटू. थोरल्याने खेळायला अल्बेनिया निवडलं, धाकट्याने स्वित्झर्लंड. 2016 च्या युरो स्पर्धेत हे दोन देश समोरासमोर आले, तेव्हा आई अर्धा अल्बेनियाचा, अर्धा स्वित्झर्लंडचा टी-शर्ट घालून स्टेडियममध्ये बसली होती. स्वित्झर्लंड 1-0 ने जिंकलं.

हा घरचा इतिहास 2018 च्या वर्ल्ड कपमध्येही मैदानात उतरला. सर्बियाविरुद्ध गोल केल्यावर जाकाने दोन्ही हातांनी अल्बेनियाच्या झेंड्यावरच्या दुतोंडी गरुडाची खूण केली. कोसोवोला देश म्हणून मान्यता न देणाऱ्या सर्बियासमोर ही खूण म्हणजे उघड डिवचणं होतं. फिफाने त्याला 10,000 स्विस फ्रँकचा दंड ठोठावला.

आर्सेनलमध्ये बिनसलं कुठे?

2009 मध्ये स्वित्झर्लंडसोबत 17 वर्षांखालील वर्ल्ड कप, मग बासेलकडून लागोपाठ दोन लीग विजेतेपदं, पुढे जर्मनीतल्या बोरुसिया मोंशनग्लाडबाखचं कॅप्टनपद. 2016 मध्ये तो आर्सेनलमध्ये आला तो असा. डावा पाय जबरदस्त, लांब पास अचूक. पण वेग बेताचा. मिडफिल्डमध्ये सर्वात मागे खेळताना प्रतिस्पर्धी पळत सुटला की जाका उशिरा पोहोचायचा आणि फाउल करायचा. आर्सेनलमध्ये त्याने एकूण पाच लाल कार्डं घेतली. प्रेक्षकांचा राग अगदीच हवेतला नव्हता.

पण रागाची जागा लवकरच विखाराने घेतली. पॅलेस सामन्यानंतर चार दिवसांनी जाकाने इन्स्टाग्रामवर लिहिलं की, त्याचे पाय मोडण्याच्या, बायकोला मारून टाकण्याच्या धमक्या लोक देत होते आणि मुलीला कॅन्सर व्हावा, अशी इच्छा व्यक्त करत होते. ती मुलगी तेव्हा तान्ही होती.

डिसेंबरमध्ये मिकेल आर्टेटा कोच म्हणून आले, तेव्हा जाका क्लब सोडायच्या तयारीत होता. आर्टेटांनी त्याला थांबवलं. खरी कमाल मात्र 2022-23 च्या सीझनमध्ये झाली. त्यांनी जाकाला मागून उचलून डावीकडे पुढे, गोलच्या जवळ खेळवलं. मागे धावून फाउल करायची वेळच कमी येऊ लागली आणि लीगमध्ये त्याने 7 गोल केले. शेवटच्या सामन्यात वुल्व्ह्जविरुद्ध दोन गोल करून तो निघाला, तेव्हा ज्या स्टेडियममध्ये हुर्यो उडाली होती तिथेच प्रेक्षक त्याच्यासाठी गात होते. आर्सेनलसाठी 297 सामने, दोन एफए कप. लीग मात्र नाही.

ती मिळाली पुढच्याच वर्षी, जर्मनीत. झाबी अलोन्सो कोच असलेल्या बायर लेव्हरकुसेनने 2023-24 मध्ये बुंडेसलिगात 28 सामने जिंकले, 6 बरोबरीत सोडवले, हरला एकही नाही. 1904 मध्ये स्थापन झालेल्या या क्लबची ही पहिलीच लीग. विजेतेपद पक्कं करणाऱ्या सामन्यात जाकाने लांबून गोल मारला. सीझनमधला एकमेव पराभव युरोपा लीगच्या फायनलमध्ये, अटलांटाकडून. त्यानंतर तीनच दिवसांनी जर्मन कपची फायनल होती. तिथला एकमेव गोल जाकाचा.

स्वित्झर्लंडकडूनही कथा अशीच वरखाली होत राहिली. 2016 च्या युरोत पोलंडविरुद्धच्या शूटआउटमध्ये त्याची पेनल्टी हुकली आणि संघ बाहेर पडला. पाच वर्षांनी विश्वविजेत्या फ्रान्सविरुद्ध स्वित्झर्लंड 81 व्या मिनिटापर्यंत 3-1 ने मागे होतं. 90 व्या मिनिटाच्या बरोबरीच्या गोलचा पास जाकाचा होता. शूटआउट जिंकून स्वित्झर्लंडने मोठ्या स्पर्धेत 1938 नंतरचा पहिला बाद फेरीतला विजय मिळवला, सामनावीर ठरला जाका. पण त्यात मिळालेल्या पिवळ्या कार्डामुळे स्पेनविरुद्धचा पुढचा सामना त्याला बाहेर बसून बघावा लागला. देशाकडून सर्वाधिक सामने खेळण्याचा हाइन्झ हरमन यांचा विक्रम त्याने 2023 मध्ये मोडला.

जुलै 2025 मध्ये जाका इंग्लंडला परतला. आर्सेनलमध्ये नाही, तर आठ वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये आलेल्या संडरलँडमध्ये. तिथे गेल्या गेल्या क्लबने त्याच्या दंडावर पुन्हा कॅप्टनची पट्टी बांधली.