फडात कष्टाचा, चौकात दहशतीचा : कोयत्याकडं बघायची आपली नजर नेमकी कशावर ठरते?

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या गावांमधून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं निघतात. ट्रॉलीत अंथरूण-पांघरूण, पातेली, पत्र्याची पेटी, लहान लेकरं आणि त्याच सामानात खोचलेले कोयते. वाटेत चहासाठी गाडी थांबते. कोयते बघून हॉटेलवाला काही शटर खाली ओढत नाही. ऊसतोड कामगार साखर कारखान्याकडं चाललेत, एवढं सगळ्यांना कळतं.

आता तसाच कोयता पुण्यातल्या एखाद्या चौकात, दुचाकीवर मागं बसलेल्या पोरानं हवेत फिरवला, तर दोन मिनिटांत रस्ता रिकामा होतो. तेही बरोबरच आहे.

या दोन टोकांमध्ये गोंधळ नाही. गोंधळ होतो तो तिसऱ्या माणसाबाबत. शहाळी सोलणारा, सोसायटीतली झाडं छाटणारा, पिशवीत सत्तूर घेऊन कामावर जाणारा खाटीक, गावाहून नवा कोयता घेऊन एसटीत बसलेला शेतकरी. यांच्याकडं पातं आहे, पण ते पोटापाण्यासाठी. गेल्या काही वर्षांत कोयत्याच्या बातम्या वाढल्या आणि या माणसांकडं बघायची नजरही बदलली. हे कसं झालं, कायदा काय सांगतो आणि भीती नक्की कशाची वाटते, हे समजून घेऊ.

'हत्यार' म्हणजे शस्त्र की अवजार?

मराठीत या शब्दाचे दोन्ही अर्थ चालतात. 'सुतारानं हत्यारं आणली' म्हटलं की करवत, पटाशी, रंधा डोळ्यांसमोर येतो. 'आरोपीकडून हत्यार जप्त' म्हटलं की सुरा किंवा पिस्तूल.

हा काही शब्दांचा घोळ नाही. ज्या समाजात जवळपास प्रत्येकाचं काम कशाला तरी धार लावून चालायचं, तिथं अवजार आणि शस्त्र यांच्यात पक्की भिंत नव्हती. खंडेनवमीला आणि दसऱ्याला पूजेत तलवार असेल तर तलवार ठेवली जाते, नाहीतर विळा, कोयता, खुरपं, कुऱ्हाड मांडली जाते. हळदकुंकू दोघांनाही सारखंच लागतं.

कोकणात तर बागेत जाणाऱ्या माणसाच्या कमरेला मागं आकडी असते आणि त्या आकडीला कोयती अडकवलेली असते. नारळ सोलायचा, काट्या तोडायच्या, वाटेतली झुडपं सपासप बाजूला करायची, सगळं तिच्यावर. तिथं कोयती लावलेला माणूस म्हणजे कामाला निघालेला माणूस. घराघरात तर विळी होतीच. पाय दुमडून विळीवर भाजी चिरणारी आजी कुणाला कधी धोकादायक वाटली नाही.

जिथं 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको

ऊसतोडीच्या धंद्यात कोयता हे नुसतं अवजार नाही, ते माणसं मोजायचं माप आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती या हिशोबानं. म्हणजे हंगामाच्या आधी आगाऊ रक्कम द्यायची आणि मग सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. कामावर एक दिवस गेलं नाही, तर 'खाडा' पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात.

फडात काम कसं चालतं? ऊस बुडापासून, जमिनीला लागून तोडायचा. पाचट काढायचं. शेंड्याचं वाढं छाटायचं. मोळी बांधायची आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. मजुरी टनावर. त्यामुळं कोयत्याची धार गेली की मजुरी पण गेली.

या कामगारांनी संप केला, तर त्याचं नावसुद्धा 'कोयता बंद'. डिसेंबर २०२३ मध्ये अशाच कोयता बंदचं हत्यार उपसलं गेलं आणि जानेवारी २०२४ मध्ये मजुरीत ३४ टक्के वाढ मान्य झाली. कोयता खाली ठेवणं हीच इथली ताकद.

मग कोयत्याची दहशत आली कुठून?

'कोयता गँग' हा शब्द ऐकून एखादी मोठी टोळी आहे असं वाटतं. प्रत्यक्षात अशी एक टोळी नाही. वेगवेगळ्या भागांतल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या पोरांच्या टोळक्यांना माध्यमांनी आणि लोकांनी दिलेलं ते एकच नाव आहे. अनेक प्रकरणांत पकडलेली मुलं अल्पवयीन निघाली.

डिसेंबर २०२२ च्या शेवटी पुण्यात सिंहगड कॉलेजच्या परिसरात दोघांनी कोयते घेऊन रस्त्यावर धुमाकूळ घातला. त्याचे व्हिडिओ राज्यभर फिरले. २७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत भर रस्त्यात एका तरुणीवर कोयत्यानं हल्ला झाला. तिथं हजर असलेल्या तरुणांनी धाडस दाखवून तिला वाचवलं. तो व्हिडिओ ज्यानं पाहिला, त्याच्या डोक्यातून तो कोयता सहजासहजी जात नाही.

पण गुन्हेगारांनी कोयताच का उचलला? कारण साधं आहे. पिस्तूल महाग, मिळवायला अवघड आणि सापडलं तर शिक्षा जास्त. कोयता बाजारात कुठल्याही अवजारांच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतो आणि त्याला परवाना लागत नाही. शिवाय तो दिसायला मोठा. नुसता दाखवला तरी समोरचा घाबरतो. रील बनवायला आणि वाढदिवसाला केक कापायला तो वापरला जाऊ लागला, तेव्हा त्याचा अर्थ पूर्ण बदलला. जी वस्तू कमरेला शांत लटकायची, ती मुद्दाम दाखवायची वस्तू झाली.

जानेवारी २०२३ मध्ये पुणे पोलिसांनी विक्रीकडंही मोर्चा वळवला. बोहरी आळीतल्या एका दुकानातून शंभरावर कोयते जप्त झाले. कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड बघा, त्याची नोंद ठेवा, असं विक्रेत्यांना सांगण्यात आलं.

पोलिसांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. कोयता कुठून आला याचा माग लागला, तर तपास सोपा होतो. पण दुसरी बाजू अशी, की ज्याला गुन्हा करायचाय त्याला कोयता शेजारच्या तालुक्यातही मिळतो. आधार कार्ड काढून दाखवायची वेळ येते ती प्रामाणिक गिऱ्हाइकावर. आणि रस्त्याकडेला पाल टाकून, भाता पेटवून विळे, खुरपी, कोयते घडवणाऱ्या घिसाडी कुटुंबानं ही नोंद कुठल्या वहीत ठेवायची?

कायद्यात कोयता बसतो कुठं?

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'शस्त्र' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेल्या वस्तू त्यात येतात. पण फक्त घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. शस्त्र नियमांच्या यादीत तलवार, खंजीर, भाला यांच्यासोबत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. तिथंही घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेल्या पात्यांना सूट आहे.

म्हणजे घरातली सुरी किंवा शेतातला कोयता बाळगला म्हणून कुणी आपोआप गुन्हेगार ठरत नाही.

मग बातम्यांमध्ये 'आर्म ॲक्ट ४ (२५) सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७ (१) सह १३५' असं जे छापून येतं, ते काय असतं?

यातलं कलम ३७ (१) महत्त्वाचं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या या कलमाखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी एखाद्या भागात मनाई आदेश काढू शकतात. त्या काळात शस्त्रं, चाकू, काठ्याच नाही, तर शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू घेऊन फिरायला बंदी घालता येते. सण, निवडणुका, आंदोलनं यांमुळं मोठ्या शहरांत असे आदेश पुन्हा पुन्हा निघतात. आदेश मोडला तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

थोडक्यात, शस्त्र कायदा वस्तू कशासाठी बनवली हे बघतो आणि मनाई आदेश ती कुठं आणि कधी नेली हे बघतो. ती कशासाठी नेली, हे मात्र रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसालाच आधी ठरवावं लागतं. तिसऱ्या माणसाची अडचण इथंच होते.

पातं तेच, माणूस वेगळा

लोकांची नजर तर कायद्याच्याही आधी निकाल देते.

जुन्या वसाहतींमध्ये रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा आठवून बघा. त्याच्या कमरेला खुकरी असली, तरी लोकांना त्याची भीती वाटायची नाही, उलट शांत झोप लागायची. त्याच खुकरीनं नेपाळच्या खेड्यांत लाकूड तोडतात, झुडपं साफ करतात, मांस कापतात. तिथं ती आपल्या कोयत्यासारखीच रोजच्या कामाची आहे.

शिखांच्या कृपाणाला तर थेट संविधानाचं संरक्षण आहे. कलम २५ च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे. देशांतर्गत विमान प्रवासातही ६ इंचांपर्यंत पातं आणि एकूण ९ इंचांपर्यंत लांबी असलेलं कृपाण शीख प्रवाशांना नेता येतं. लोकांना त्यामागचं कारण माहीत असतं, म्हणून विमानात कुणी दचकत नाही.

याच्या उलट उदाहरण पारध्यांचं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि अनेक भटक्या समाजांना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही. शिकारीवर जगलेल्या पारधी समाजातल्या माणसाकडं सुरी दिसली, की ती कशासाठी असेल हे विचारायच्या आधीच लोक ठरवून टाकतात. पिढ्यानपिढ्या हत्यारांना धार लावणाऱ्या, अवजारं घडवणाऱ्या शिकलगार समाजालाही हाच अनुभव येतो.

म्हणजे भीती फक्त पात्याची असती, तर ती सगळ्यांबाबत सारखी असती. तशी ती नाही. हातातल्या वस्तूसोबत आपण कपडे बघतो, भाषा ऐकतो, जात आणि वस्ती ओळखायचा प्रयत्न करतो. गळ्यात कॅमेरा अडकवून ट्रेकला निघालेल्या मुलाच्या बॅगेतला चाकू 'गिअर' असतो. मळकट शर्टातल्या मजुराच्या पिशवीतला कोयता 'संशयास्पद' ठरतो.

बाहेरच्या देशांत काय नियम आहेत?

- ब्रिटन : १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टनुसार सार्वजनिक ठिकाणी पातं बाळगणं गुन्हा आहे. ३ इंचांपर्यंत पात्याच्या घडीच्या चाकूला सूट आहे. काम, धर्म किंवा राष्ट्रीय पोशाख ही कारणं बचाव म्हणून चालतात. पण कारण आहे हे पातं बाळगणाऱ्यानं सिद्ध करायचं.
- जपान : योग्य कारणाशिवाय ६ सेंटीमीटरपेक्षा लांब पात्याचा चाकू घेऊन फिरता येत नाही. स्वयंपाक्यांना आपल्या सुऱ्या नेता येतात, कारण त्यांच्याकडं कारण असतं.
- स्वित्झर्लंड : इथला लाल घडीचा चाकू जगभर खिशात असतो. पण अनेक देशांचे नियम कडक झाल्यानं, पातं नसलेली बहुउपयोगी साधनं बनवत असल्याचं व्हिक्टोरिनॉक्स कंपनीनं २०२४ मध्ये सांगितलं.

तिन्हीकडं पात्याच्या लांबीसोबत 'कशासाठी' हा प्रश्न येतोच.

कामाचं हत्यार नेताना काय काळजी घ्यायची?

- पातं गोणपाटात किंवा जाड कापडात गुंडाळून, बांधून पिशवीत ठेवा. उघडं पातं हातात धरून किंवा गाडीला अडकवून नेऊ नका.
- कामाची बाकीची अवजारं सोबत ठेवा. दोरी, खुरपं, हातमोजे असले की काम आपोआप दिसतं.
- नवं अवजार घेतलं असेल तर दुकानाची पावती जवळ ठेवा.
- शहरात मनाई आदेश लागू आहे का, हे पोलिसांच्या सोशल मीडिया पेजवर किंवा जवळच्या ठाण्यात कळतं.
- पोलिसांनी थांबवलं तर पिशवीत काय आहे, कुठं काम आहे, हे आधीच सांगा. काम देणाऱ्याचा नंबर तयार ठेवा.
- कोयता घेऊन फोटो किंवा रील टाकू नका. पोलीस अशा पोस्टवर नजर ठेवतात आणि त्यावरून गुन्हे दाखल झाले आहेत.

आणि बघणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. कुणी पातं उगारत असेल, धमकावत असेल, तर लांब व्हा आणि ११२ ला फोन करा. पण कुणी गुंडाळलेला कोयता घेऊन बसमध्ये शेजारी बसलं असेल, तर गुपचूप त्याचा फोटो काढून 'सावधान, कोयता गँग' असं ग्रुपवर टाकायच्या आधी त्याला एकदा विचारून बघा, कामाला कुठं निघालात. बहुतेक वेळा उत्तर एखाद्या बागेचं, शेताचं किंवा फडाचं असेल. असा एक फोटो फिरला, तर त्याची त्या दिवसाची मजुरी जाते आणि गावभर बदनामी होते, ती वेगळी.